पहिल्यांदा नाही म्हणायचं

माझं तोंड वाईट आहे, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ऑटोवाल्याने दहा रुपये जास्त मागितले की मी त्याच्याच ऑटोत बसून त्याची शाळा घ्यायची. मावशी आणि मामी बर्डीच्या बाजारात कपडे घ्यायला निघाल्या की भाव पाडायला मला सोबत न्यायच्या. कॉलेजात प्रॅक्टिकलचे मार्क कमी पडले तेव्हा मी विभागप्रमुखांच्या टेबलासमोर उभी राहून वाद घातला होता, आणि मार्क वाढवूनच बाहेर आले होते. अशा मुलीला पहिल्या नोकरीचा पगार बोलताना कोणी लुटेल, असं कोणाला वाटलं असतं? आणि खरं सांगायचं तर मला कोणी लुटलंच नाही. मी स्वतःच देऊन आले.

नागपुरात मेट्रोचे खांब उभे राहत होते तेव्हाची ही गोष्ट. अर्धं शहर खोदलेलं, उरलेल्या अर्ध्यात धूळ. माझा बी.एस्सी.चा शेवटचा पेपर झाला होता आणि हातात दीड नोकरी होती. पूर्ण होती ती पुण्याची. कॉलेजात येऊन एका कंपनीने निवडलं होतं, कॉम्प्युटरवर बसून करायचं काम, अठरा हजार पगार. आठवड्याच्या आत होकार कळवायचा होता. अर्धी होती ती कळमेश्वरची. तिथे मसाल्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेसाठी केमिस्ट्रीवाली मुलगी हवी होती. मालकांनी बोलायला बोलावलं होतं, ठरलेलं काहीच नव्हतं.

वर्गातली निम्मी मुलं पुण्याला निघाली होती आणि आनंदाने निघाली होती. मला जायचं नव्हतं. मी आईबाबांची एकुलती एक, आणि मला आमचं घर आवडायचं. उत्तर नागपुरात विहाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. संध्याकाळी विहारातली वंदना ऐकू यायची, त्याच सुमारास बाबांची स्कूटर दारात थांबायची. हातपाय धुऊन ते चिवड्याची वाटी घेऊन बसायचे, मी समोर. पेपरातल्या बातम्यांवरून आमचं जोरजोरात भांडण व्हायचं आणि भांडता भांडता वाटी रिकामी व्हायची. आई आतून म्हणायची, "तुम्हा दोघांले पगार देऊन भांडायले बसवा कुठं तरी." हे सोडून मी एखाद्या मेसच्या टेबलावर एकटी जेवणार, हा विचारच मला नको वाटायचा. पण असं घरात बोलायची पद्धत नव्हती. म्हणून मी सांगितलं की मला पुण्याचं पाणी मानवत नाही. पुण्याला मी तोवर एकदाही गेले नव्हते.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी पाण्याचं ऐकून घेतलं आणि हिशोब मांडला. पुण्याच्या अठरातून खोली, मेस, येणंजाणं वजा केलं आणि म्हणाले, "पंधरा देत असन तर इथं राहा. त्याच्या खाली एक रुपया नको. मग गुपचूप पुण्याले जायचं. आईबापासाठी पोरीनं नुकसान करून घेतलं, हे मले ऐकू नाही आलं पाहिजे." मी हो म्हटलं. मला तर ते सोपं वाटलं. पंधरा मागायचे आणि घरी यायचं.

आता गंमत अशी की आमच्या घरात पगार कोणीच कधी ठरवला नव्हता. बाबांचा पगार वरून लागायचा. ऑर्डर निघायची, वेतनश्रेणी असायची, महागाई भत्ता वाढला की आई शेजारी पेढे वाटायची. आजोबा गिरणीत होते, तिथेही जे हातात पडायचं ते पडायचं. स्वतःची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगायची वेळ आमच्यापैकी कोणावर आली नव्हती. मला दुसऱ्याच्या मालाचा भाव पाडता यायचा. स्वतःचा वाढवायचा कसा, ते कुठून येणार?

आणि त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. ती सांगायची तर मी सहा-सात वर्षांची असतानाचं सांगावं लागेल. बाबांच्या साहेबांकडे आम्ही गेलो होतो. साहेबांच्या बायकोने बेसनाच्या लाडवांची ताटली पुढे केली आणि मी पटकन उचलला. आईने मांडीला असा चिमटा काढला की लाडू घशातच अडकला. घरी येताना स्कूटरवर बाबांनी समजावलं. रागावले नाहीत, समजावलं. आजोबांच्या लहानपणी त्यांना लोकांच्या अंगणाच्या कडेला बसवून उरलेलं वाढायचे. पुढे धम्म घेतला तेव्हा आजोबांनी घरात सांगून टाकलं की यापुढे कोणी काही दिलं तरी आपण झटक्यात हात पुढे करायचा नाही. आधी नाही म्हणायचं. आपण उपाशी आहोत, वाट बघत बसलो आहोत, असं कोणाला दिसता कामा नये. "देणाऱ्याच्या मनात असन तर तो दुसऱ्यांदा म्हणतेच," बाबा म्हणाले. "तेव्हा घ्यायचं. मानानं घ्यायचं."

ते माझ्या हाडात गेलं. पोटात कावळे ओरडत असले तरी मैत्रिणीच्या घरी मी "आत्ताच जेवून आले" म्हणायची. भांडायचं तोंड वेगळं आणि हे तोंड वेगळं होतं. कोणी काही देऊ लागलं की हे दुसरं तोंड आपोआप उघडायचं.

कळमेश्वरला मी नवा कुर्ता घालून गेले. बसमधून उतरल्यावर कारखान्याच्या वळणापासूनच मिरचीचा तिखट खाट नाकात शिरला आणि फाटकाशी पोचेपर्यंत मी सात-आठ वेळा शिंकले. मालक साठीचे होते. पांढरा बुशशर्ट, टेबलावर तिखट-हळदीच्या छोट्या पुड्या मांडलेल्या. त्यांनी मला हळदीत भेसळ कशी ओळखशील, ओलावा कसा मोजशील, असं विचारलं आणि मी धडाधड उत्तरं दिली. त्यांना पसंत पडलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"चहा घेशील न?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, आत्ताच घेतला," मी म्हणाले. घेतला कुठला, सकाळपासून पाण्यावर होते.

"अर्धा कप घे. पहिल्यांदा आली तू."

मग मी घेतला. बिस्किटांची बशी आली, तिलाही मी नको म्हटलं, त्यांनी बशी परत माझ्याकडे सरकवली, मग मी दोन बिस्किटं घेतली. सगळं आमच्या घरच्या रीतीप्रमाणे चाललं होतं आणि मला हा माणूस एकदम आपल्यातला वाटायला लागला.

"बरं, पगाराचं काय? किती अपेक्षा आहे तुझी?"

पंधरा. जिभेच्या टोकावर होते पंधरा. पण तोंडातून निघालं, "तुम्हाला योग्य वाटेल ते सर."

"बारा देऊ. याच्या आधीच्या मुलीलेही तेवढेच होते."

मी कपात बघत बसले. माझा चेहरा पडला असणार, कारण ते जरा पुढे वाकले. "काहून, कमी वाटून राहिले का? चौदा करू का?"

आणि मी म्हणाले, "नाही नाही सर, ठीक आहे."

मी हसून म्हणाले. मान हलवून, लाडवाला म्हणावं तसं म्हणाले. आणि म्हणून झाल्यावर हात मांडीवर ठेवून वाट बघत बसले, की आता ते दुसऱ्यांदा म्हणतील. असं कसं, चौदा तरी घे, म्हणतील. मग मी मानाने सांगेन, सर, पंधरा बरे पडतील. पण ते म्हणाले, "बरं झालं. बारा मग. एक तारखेपासून ये." आणि समोरच्या पुडीत चमचा घालून तिखट बघायला लागले. चहासाठी दोनदा विचारलं, बिस्किटासाठी दोनदा विचारलं आणि पगारासाठी एकदाच.

बाहेर फाटकाजवळ मी रडले. सरळ उभी राहून, ओढणी तोंडाला लावून रडले. तिथला चौकीदार म्हणाला, "तिखटाचं आहे ताई, होते सवय." मी मान हलवली आणि बस पकडली.

घरी पोचले तेव्हा बाबा नुकतेच आले होते. चिवड्याची वाटी तशीच होती. मी सगळं सांगितलं, चहाबिस्किटांसकट. बाबांनी एकच गोष्ट परत विचारली.

"त्यानं स्वतः चौदा म्हटले?"

"हो."

"आणि तू नाही म्हणाली. काहून?"

"तुम्हीच शिकवलं," मी म्हणाले, आणि मला इतका राग आला की मी वाटी सरकवून दिली. "दुसऱ्यांदा म्हणते म्हणे देणारा. कुठं म्हणते?"

आई आधी हसली, मग तिला हसल्याचाच राग आला. "माय वं, लाडू आन् पगार सारखाच होय का? बाजारात तर बाईचं तोंड बंद होत नाही, आन् तिथं गेली तर पाव्हणी होऊन बसली."

बाबा उठले. पलंगाखालून मोठी बॅग ओढून काढली आणि तिची चेन नीट चालते का ते बघायला लागले. "आता पुण्याचं पक्कं समज. मी तिकिटाचं पाहतो," म्हणाले. त्या चेनचा आवाज मला अजून आठवतो. मागे, पुढे, मागे, पुढे.

"मी उद्या परत जाते," मी म्हणाले.

ते थांबले. "परत जाऊन मागशील? तो देऊन राहिला होता तेव्हा नको म्हटलं आन् आता त्याच्या दारात जाऊन उभी राहशील?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाजच होती. बाबांच्या हिशेबात ते हात पसरणं होतं, आणि हात पसरायचा नाही म्हणून तर आजोबांनी एवढं सगळं केलं होतं. मला त्यांचं कळत होतं आणि तरी मी म्हणाले की हो, उभी राहीन. आई म्हणाली, "जाऊ द्या तिले. चुकली तर निस्तरू द्या." बाबांनी बॅग भिंतीला टेकवून ठेवली, परत पलंगाखाली घातली नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी पंधरा, पंधरा असं मनात घोकत गेले. बाजूची बाई कोंबड्यांचे भाव सांगत होती, तिलाही मी चुकून एकदा पंधरा म्हणाले.

मालकांनी मला बघून विचारलं, "काय विसरली?"

"सर, मी काल नाही म्हटलं, ते खरं ‘नाही’ नव्हतं."

ते गोंधळले. साहजिक आहे, मीही गोंधळले असते. मग मी बसले. त्यांनी बस म्हणायच्या आधीच बसले आणि सांगून टाकलं की आमच्या घरी पहिल्यांदा नाही म्हणायची रीत आहे, समोरच्याने परत विचारलं तर हो म्हणतात. "तुम्ही चहाला दोनदा विचारलं सर. पगाराला एकदाच विचारलं."

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसले. चांगले मोठ्याने हसले. मला मात्र हसू येत नव्हतं.

"बरं बाई, दुसऱ्यांदा विचारतो. चौदा करू का?"

"नाही," मी म्हणाले. "पंधरा."

आता हसणं थांबलं. "चौदा मी कालच म्हटले होते."

"हो सर. पण काल मी काही मागितलंच नव्हतं. आज मागते आहे. ओलावा, राख, भेसळ, सगळ्या तपासण्या मी करीन. बाहेरच्या लॅबमध्ये नमुने पाठवायला तुम्हाला पैसे लागतात, ते वाचतील. पंधराच्या खाली मला जमणार नाही, मला पुण्याला जावं लागेल आणि मला जायचं नाही."

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं. भाव करताना आपली गरज दाखवायची नाही, हे तर मी मामीला बर्डीवर शिकवायची. पण निघून गेलं. मालक तसे व्यापारी माणूस होते, त्यांनी ते बरोबर पकडलं. म्हणाले, मुली येतात, शिकतात, लग्न ठरलं की जातात, तू किती टिकशील? मला त्याचा राग आला. म्हटलं, तुमच्या कारखान्यातून पुरुष सोडून जात नाहीत का, त्यांना विचारता का हे? मग मला वाटलं, झालं, घालवली नोकरी. ते थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेर मिरचीची पोती उतरत होती.

"पंधरा," ते म्हणाले. "बाकीच्यांले सांगत बसू नको. आन् भांडायचं असन तर मिरची देणाऱ्यांशी भांड, माझ्याशी नाही." त्या दिवशी त्यांनी चहा विचारला नाही आणि मलाही तो नको होता, खरंच नको होता.

परतताना मी बर्डीला उतरले आणि आईसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला, भाव न करता. घरी पोचले तेव्हा बाबा रजा टाकून घरीच होते. अंगणात कूलर उघडून बसले होते, जुनं गवत काढून नवीन भरत होते. आई बाजूला पाण्याची बादली घेऊन उभी.

"पंधरा," मी दारातूनच सांगितलं.

आईने बादली खाली ठेवली, गजरा हातात घेतला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. बाबा म्हणाले, "वा." मग गवताचा पुंजका सारखा करत म्हणाले, "चांगलं झालं. मागता आलं तुले. पण मी विचार केला, तू पुण्यालेच जा."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"अठरा ते अठराच. पुढं वाढतीन. इथं मसाल्यात काय ठेवलं आहे? आमच्यासाठी थांबायची गरज नाही. आम्हाले काय झालं? आम्ही मस्त राहू दोघं."

मी तिथेच पिशवी टाकली. ऊन मी म्हणत होतं, दोन दिवस मी कळमेश्वरच्या धुळीत घालवले होते, परक्या माणसासमोर माझी, माझ्या घराची, आजोबांची रीत उघडी करून बसले होते, आणि हा माणूस कूलरशी बोलल्यासारखं मला मस्त राहू म्हणून सांगत होता. माझं भांडायचं तोंड उघडलं ते उघडलंच. गल्लीतल्या दोन बायका दारात आल्या तरी मी थांबले नाही.

"बाबा, मी आज त्या माणसाला जाऊन सांगितलं की कालचं माझं ‘नाही’ खोटं होतं. मला लाज वाटली, तरी सांगितलं. तुम्हाला स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या पोरीसमोर खरं बोलता येत नाही का? मी जावं असं वाटत असेल तर तसं माझ्याकडे बघून सांगा, मी आजच पुण्याला फोन करते. वाटत नसेल तर तेही सांगा. पण हे मस्त राहू मला सांगू नका."

आई मध्ये पडली नाही. एरवी ती आमच्या भांडणात कधी बाबांची बाजू घ्यायची, कधी माझी. त्या दिवशी ती गजरा हातात धरून नुसती उभी राहिली.

बाबांनी गवत खाली ठेवलं. हात शर्टाला पुसले, दोन्ही बाजूंनी पुसले. माझ्याकडे बघितलं नाही, बघायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही.

"तू गेली तर मले करमणार नाही वं," ते म्हणाले. "काल ती बॅग काढली न, तवापासून मले अन्न गोड लागून नाही राहिलं."

मग ते घाईघाईने खाली बसले आणि कूलरची ताटी लावायला लागले, उलटी लावली, परत काढली. मी त्यांच्या बाजूला बसून ती सरळ करून दिली. पुण्याला मी त्याच दुपारी फोन करून येत नाही म्हणून सांगितलं.

एक तारखेपासून मी कळमेश्वरला जाऊ लागले. संध्याकाळी घरात शिरले की माझ्या ओढणीच्या वासाने बाबांना हटकून शिंक यायची, आणि आईला त्यावरून कळायचं की भांडायला माणूस आलं, आता चहा टाकावा. त्यानंतर बाबांना फार वर्षं मिळाली नाहीत. जितकी मिळाली, तितकी मी घरीच होते.